चौथ्या सीटवरची यामिकी

ठाण्याच्या बांदोडकरला जा, नाहीतर कल्याणच्या बिर्लाला, बी.एस्सी.ला फिजिक्स घेतलं की सुरुवातीला न्यूटन भेटतो. शाळेपासूनचा ओळखीचा गृहस्थ. ठोकळा, उतार, कप्पी, बाण. प्रत्येक रेटा कुठून आला आणि किती आला, याचा त्याला चोख हिशेब लागतो. एका ठोकळ्यापुरतं ठीक आहे हो. डोंबिवलीहून सकाळच्या फास्ट लोकलमध्ये शिरलेल्या पोराने स्वतःवरचे बाण काढून दाखवावेत! ठाणं येईल, बाण संपायचे नाहीत.

मग लग्रांज येतो. 1788 सालच्या त्याच्या यामिकीवरच्या ग्रंथात एकही आकृती नाही, आणि हे तो प्रस्तावनेत ठणकावून सांगतो. रेटे मोजत बसू नका. हलायला मोकळीक किती उरली ते आधी बघा. सुट्या कणाला तीन, दृढ वस्तूला सहा: तीन सरकण्याच्या, तीन फिरण्याच्या. एकेक बंधन आलं की एकेक मोकळीक वजा. हे डोंबिवलीकराला शिकवावं लागत नाही. सॅक पुढे घेतली, हात वर गेला तो वरच राहिला, मान वळेना. उरलं काय, तर श्वास. ठाण्याला पहिली आगगाडी आली 1853 साली, म्हणून, नाहीतर लग्रांजला हे लोकलमध्येच सुचलं असं मी छातीठोकपणे लिहिलं असतं.

आपल्याकडे हा विषय अनेकांनी ताकवले-पुराणिकांच्या इंग्रजी पुस्तकातून पास केला. त्यातले राम ताकवले पुढे नाशिकच्या मुक्त विद्यापीठाचे पहिले कुलगुरू झाले. बंधनांची समीकरणं शिकवणाऱ्यानेच मुक्त विद्यापीठ चालवावं, हे मला फार आवडतं.

पोरं खरी अडतात ती आभासी विस्थापनाशी. घड्याळ थांबलंय असं समजायचं आणि बंधनं न मोडता, मनातल्या मनात, कणभर सरकायचं. हे काय असतं, सर? अरे, तिघांच्या बाकाशी उभं राहून ‘जरा सरका’ म्हणून बघ. तिघंही ‘हो, हो’ म्हणतात, अंग किंचित चोरतात आणि तिथेच असतात. तू टेकतोस ती चौथी सीट. शिवाय अशा सरकण्यात आदर्श बंधनांचे रेटे काहीच कार्य करत नाहीत, हा दालाँबेरच्या तत्त्वाचा आधार. तासभर चेंगरून घरी आलेल्या माणसाला हे सांगू नये.

परीक्षेत बंधनाचं उदाहरण विचारलं, तर मात्र मुकाट्याने तारेत ओवलेला मणी लिहावा. पेपर तपासणारे चर्चगेटच्या बाजूचेही असू शकतात.