दोनशे चाळीस अश्वांसह रावेतहून चाकणास

पवनेच्या काठचे रावेत ज्या बंधाऱ्यामुळे पंचक्रोशीत ठाऊक होते, तो बंधारा आजही जागच्या जागी उभा असून पिंपरी-चिंचवडची तहान भागवण्याचे काम मुकाट्याने करीत आहे. परंतु त्याच्या आसपासची शेते सातबाराच्या उताऱ्यांतून निघून गृहनिर्माण संस्थांच्या रंगीत माहितीपत्रकांत दाखल झाली, मुंबई-पुणे द्रुतगती मार्गाचे मुख हाकेच्या अंतरावर उघडले, मुकाई चौकात बीआरटीच्या बसगाड्या वळसा घेऊ लागल्या, आणि ज्या गावात दावणीच्या बैलांवरून माणसाची ऐपत जोखली जात असे, तेथे ती तळघरातील वाहनतळावरून जोखली जाऊ लागली. अशा या गावी, एका बाराव्या मजल्यावर, आमचे भाचेराव राहतात. ते चाकणच्या एका कारखान्यात अभियंता आहेत. आठवड्यातील सहा दिवस ते परक्यांच्या मोटारी यथाशास्त्र जुळवतात आणि सातव्या दिवशी स्वतःची मोटार तितक्याच निष्ठेने मोडतात.

या मोटारीच्या कुळाचा मी येथे उच्चार करणार नाही, कारण पुढे तिच्यावर जे प्रसंग ओढवले त्यांत तिच्या जन्मदात्यांचा काडीइतकाही दोष नव्हता. त्यांनी तिला 180 अश्वशक्ती देऊन सासरी पाठवले होते. एक अश्वशक्ती म्हणजे 75 किलो वजन एका सेकंदात एक मीटर उचलण्याचे सामर्थ्य, हे लक्षात घेतले म्हणजे 180 ही संख्या एका चौकोनी कुटुंबास पुरेशी वाटावी. आमच्या उमेदीच्या काळात प्रीमियर पद्मिनी सुमारे 40 अश्वशक्तीच्या भांडवलावर सात माणसे, दोन वळकट्या आणि पाण्याची एक फिरकी एवढा ऐवज घेऊन पसरणीचा घाट चढून जात असे. मध्ये ती तापत असे हे खरे, परंतु तेवढ्या अवधीत मंडळींचा फराळ होत असे. भाचेरावांस मात्र 180 अपुरे वाटले. त्यांनी इंजिनाच्या संगणकातील कोष्टके बदलून घेतली, ज्यास त्या धंद्यात ‘रीमॅप’ म्हणतात, आणि टर्बोला अधिक हवा कोंबण्याची परवानगी देऊन घोड्यांची संख्या 240 वर नेली.

महसूल खात्यात हयात घालवलेल्या माणसास यापुढचे सारे आपोआप उमगते. कचेरीत एक नवे पद मंजूर झाले की ते एकटे कधीच येत नाही. त्याला खुर्ची लागते, खुर्चीला मेज लागते, मेजावर दौत लागते, दौत भरायला शिपाई लागतो, आणि शिपायाच्या रजेच्या काळासाठी बदली शिपायाची तजवीज करावी लागते. भाचेरावांच्या 60 नव्या घोड्यांनी नेमके हेच केले. कोंबलेली हवा तापते, सबब ती थंड करण्यास मोठा इंटरकूलर आला. धूर लवकर निघून जावा म्हणून रुंद डाउनपाइप आला. वाढलेला पीळ मूळ क्लचला सोसेना, तो घसरू लागला, म्हणून कडक स्प्रिंगांचा नवा क्लच आला. पुढची चाके जागच्या जागी फिरू लागली म्हणून रुंद टायर आले. रुंद टायरांस शोभा यावी म्हणून मोटार चार बोटे खाली बसवण्यात आली. आणि या सर्व परिवारास साधे पेट्रोल पचेना म्हणून मोजक्याच पंपांवर मिळणारे, साध्याच्या जवळजवळ दीडपट भावाचे, 100 ऑक्टेनचे पेट्रोल सुरू झाले. ब्रेक तेवढे मूळचेच राहिले. त्यांची दरखास्त, भाचेरावांच्या शब्दांत, ‘पुढच्या बोनसवर’ ठेवण्यात आली होती.

“मामा, एकदा बसून तर बघा, गाडी कशी उठते ते,” असे भाचेराव म्हणाले, आणि त्यांना शनिवारी चाकणास अर्ध्या दिवसाचे काम असल्याने मी त्या अश्वसेनेसह प्रस्थान ठेवले.

गाडी उठण्यापूर्वी मलाच उठावे लागले. इमारतीच्या दाराशी जो गतिरोधक होता तो ओलांडताना मोटारीचे पोट घासते, आणि माझे वजन उतरवले तर दोन बोटांची सवलत मिळते, असा हिशेब भाचेरावांनी पूर्वीच करून ठेवला होता. इंडियन रोड्स काँग्रेसच्या नियमाप्रमाणे गतिरोधक 3.7 मीटर रुंद व 10 सेंटिमीटर उंच असावा, म्हणजे ताशी 25 किलोमीटरच्या बेताने त्यावरून सुखरूप जाता येते. आमच्या दाराशी असलेला गतिरोधक मात्र कोणा कंत्राटदाराने उरलेला डांबर-माल संपवण्याच्या सद्हेतूने उभारलेला असावा, कारण तो रुंदीला हातभर आणि उंचीला एखाद्या थोर पुरुषाच्या चौथऱ्याएवढा होता. मी खाली उतरलो. पहारेकरी पुढे आला. शाळेच्या बसची वाट पाहणारी दोन मुले, हे दृश्य त्यांच्या नित्याच्या परिचयाचे असल्याने, न सांगता आपापल्या जागी जाऊन वाकून उभी राहिली. “काका, डावीकडे घ्या! अजून! आता सोडा!” असे मार्गदर्शन होऊ लागले, आणि 240 अश्वशक्तीची ती मोटार, नववधूने उंबरठ्यावरचे माप ओलांडावे तशा जपून, आधी उजवे चाक, मग डावे, अशी तिरपी होत त्या टेकाडावरून गेली. तरी शेवटी पत्र्याचा एक दीर्घ आवाज झालाच. मुलांनी एकमेकांकडे पाहिले. “आज कमी घासली,” असा अभिप्राय त्यांतल्या धाकट्याने दिला.

रावेत सोडून निगडीच्या भक्ती-शक्ती चौकात येईपर्यंत मला आणखी तीन वेळा पायउतार व्हावे लागले. त्या चौकात शिवराय आणि तुकोबांच्या भेटीचे शिल्प आहे आणि 107 मीटर उंचीच्या स्तंभावर राष्ट्रध्वज आहे. परंतु आमचे लक्ष वेधले ते सिग्नलच्या खांबाशी उभ्या असलेल्या हवालदारांनी, कारण त्यांचे लक्ष आमच्या सायलेन्सरने आधीच वेधले होते. त्यांनी खिडकीपाशी येऊन, “साहेब, सायलेन्सर कंपनीचाच का?” असे विचारले. “हो, कंपनीचाच,” भाचेराव उत्तरले. कोणत्या कंपनीचा, हे हवालदारांनी विचारले नाही आणि मागच्या मालमोटारीने भोंगा वाजवल्यामुळे पुढील चौकशी तहकूब झाली.

तथापि माझ्यातील जुना कारकून जागा झाला होता. मोटार वाहन कायदा, 1988, याचे कलम 52 असे आहे की, उत्पादकाने मुळात जो तपशील नमूद केला त्याच्याशी नोंदणीपत्रातील तपशील विसंगत ठरेल असा बदल मालकाने वाहनात करू नये; सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2019 मध्ये या कलमाचा अर्थ चांगलाच कडक लावला; आणि त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम 182-क अन्वये अशा फेरफाराबद्दल सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दर फेरफारामागे पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. ‘दर फेरफारामागे’ हे शब्द मी जरा सावकाश उच्चारले. भाचेरावांनी मनाशी बेरीज केली असावी, कारण पुढील एक किलोमीटर त्यांनी अॅक्सिलरेटरला अतिशय अदबीने वागवले. विमा कंपनीस न कळवलेल्या फेरफारांमुळे अपघातानंतरचा दावा अडू शकतो, हे उपकलम मी त्यांच्या आईवरील प्रेमाखातर राखून ठेवले.

तळवड्याच्या पुढे रस्ता संपला. म्हणजे डांबर होते, परंतु त्यावर वाहने इतक्या दाटीने बसली होती की त्याचे दर्शन दुर्लभ झाले. पुढे वीस चाकांचा ट्रेलर, मागे कामगारांची बस, डावीकडे सिलिंडरांचा टेम्पो, उजवीकडे कांद्याचा ट्रॅक्टर. आणि मधल्या फटींतून दुचाकीस्वार, चाळणीतून रवा गळावा तसे, नव्हे, उपमांची चैन पुरे, अगदी दुचाकीस्वारच पुढे निघून जात होते. येथे नव्या क्लचचे गुण प्रकट होऊ लागले. कडक स्प्रिंगांचा क्लच शर्यतीच्या मैदानावर घसरत नाही ही गोष्ट खरी. परंतु शर्यतीत तो थोड्या वेळा दाबायचा असतो आणि तळवडे-महाळुंगे रस्त्यावर तो श्वासागणिक दाबावा लागतो. भाचेरावांचा डावा गुडघा प्रथम थरथरू लागला, मग तो थरथरण्याचे थांबला, आणि ते अधिक चिंताजनक होते. “मामा, जिमची फी वाचते,” असे ते म्हणाले, परंतु त्या विनोदात पूर्वीचा जोम नव्हता.

इकडे यंत्रशाळेतही असंतोष माजला होता. पेट्रोलच्या उष्णतेपैकी साधारण एक तृतीयांश भाग चाके फिरवण्याच्या कामी येतो आणि बाकीचा रेडिएटर व धुराड्यावाटे बाहेर टाकावा लागतो. मोटार धावत असली तर हे काम वारा फुकट करतो, ती उभी असली तर पंख्यास वेठीस धरावे लागते. भाचेरावांचा मोठा इंटरकूलर रेडिएटरच्या पुढ्यातच बसवलेला असल्याने, जी थोडी हवा आत यायची तीही आधी त्याची गरमी घेऊन मग रेडिएटरच्या भेटीस जात होती. उष्ण हवा सिलिंडरात गेली की मिश्रण अवेळी पेटू पाहते, इंजिन खडखडते. ते ऐकण्यास एक ज्ञानेंद्रिय बसवलेले असते, आणि त्याची तक्रार पोचताच संगणक ठिणगीची वेळ मागे सरकवून शक्ती आखडती घेतो. याचा अर्थ असा की, ज्या 60 घोड्यांसाठी हा सारा खटाटोप झाला, ते उन्हाचे कारण दाखवून परस्पर रजेवर गेले होते. शेवटी वातानुकूलन यंत्रही बंद करण्यात आले. काचा उघडल्या. धुरावर रासायनिक संस्कार करणारे पात्र डाउनपाइपाबरोबर काढून टाकले असल्याने, स्वतःच्याच मोटारीचा अर्धकच्चा धूर आत येऊन आम्हास भेटला.

इंद्रायणी ओलांडून महाळुंग्याच्या बाजूने चाकणास पोचलो तेव्हा पंचवीसेक किलोमीटरच्या प्रवासास दोन तास लागले होते. म्हणजे ताशी साडेबारा किलोमीटर. दुडक्या चालीने जाणाऱ्या टांग्याच्या घोड्याचा वेग जवळजवळ एवढाच असतो. टांग्यास तो एका घोड्यात साधतो, आम्हास 240 लागले. 1660 साली शाहिस्तेखानाने चाकणच्या संग्रामदुर्गास वेढा घातला तेव्हा फिरंगोजी नरसाळ्यांनी मूठभर शिबंदीनिशी तो पन्नासहून अधिक दिवस लढवला. आजच्या काळी खान आला असता तर फिरंगोजींस इतके कष्ट पडले नसते, खानाची तोफखान्याची गाडीच तळवड्यास अडकली असती. वाटेत मोटारी वाहून नेणारे दुमजली ट्रेलर भेटत होते. त्यांवर कोऱ्या, निर्लेप, जमिनीपासून योग्य उंचीच्या मोटारी ओळीने बसल्या होत्या; त्यांतील एकही आपल्या शक्तीने चालत नव्हती आणि तरीही प्रत्येक आमच्याइतक्याच वेगाने चाकण ओलांडीत होती. 1966 साली पुण्यात स्थापन झालेल्या ज्या एआरएआयने देशातील मोटारी तपासून सिद्ध करावयाच्या, तिचे एक केंद्रही याच औद्योगिक वसाहतीत आहे. तेथे कित्येक महिने उष्णता, धूर, ब्रेक आणि आवाज यांचा जो तोल साधला जातो, तो रावेतच्या वाहनतळात एका रविवारी मोडता येतो, याचे मला राहून राहून आश्चर्य वाटत होते.

परतताना भाचेरावांनी वाट बदलली. तळेगावास वळसा घालून, उर्स्याजवळ द्रुतगती मार्गास लागायचे आणि पुण्याकडे तोंड करून घरी यायचे, असा बेत त्यांनी केला. भर पैशाचा टोल गेला तरी चालेल, परंतु मामांस घोडे दाखवायचेच, अशी त्यांची जिद्द होती. आणि खरोखरच, मार्गास लागताना एकदा त्यांनी पाय दाबला, टर्बोने क्षणभर विचार केला, आणि मग पाठीमागून कोणीतरी आसनासकट ढकलावे तसा मी आत रुतलो. तो क्षण रम्य होता, हे प्रामाणिकपणे नमूद करतो. परंतु तो क्षणच होता, कारण लगेच वेगदर्शकाचा काटा 100 वर येऊन उभा राहिला, आणि त्या मार्गावर मोटारीस कायद्याने तेवढेच मुक्रर आहे, शिवाय डोक्यावर कॅमेरे आहेत.

आता हिशेब पाहा. सपाट रस्त्यावर ताशी 100 चा वेग कायम ठेवण्यास मध्यम आकाराच्या मोटारीला वीस-एक अश्वशक्ती पुरते. वाऱ्याचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो आणि त्यास तोंड देण्यास लागणारी शक्ती घनाने. वेग दुप्पट करावयाचा तर वाऱ्यापायी आठपट शक्ती खर्ची पडते. म्हणजे भाचेरावांच्या दप्तरी असलेल्या 240 घोड्यांपैकी वीस काम करीत होते आणि 220 हजेरीपटावर सही करून पूर्ण पगारी बसले होते. त्यांना काम मिळण्याची एकमेव जागा कायद्याच्या पलीकडे होती. तेथे गेले तरी ब्रेकांची दरखास्त बोनसवर पडून होती, आणि ताशी 140 वरून थांबण्यास 100 च्या जवळजवळ दुप्पट अंतर लागते हा नियम कोणाच्याही बोनसची वाट पाहत नाही. चढावर किंवा मालमोटार ओलांडताना थोडी शक्ती हाताशी असावी, हे मान्य. परंतु त्या कामास मूळचे 180 घोडे उदंड होते.

हौस ही गोष्ट मी तुच्छ मानीत नाही. लोणावळ्याच्या पलीकडे आंबी व्हॅलीच्या धावपट्टीवर पाव मैलाच्या, म्हणजे 402 मीटरच्या, शर्यती भरत आलेल्या आहेत; तेथे ना गतिरोधक, ना कांद्याचा ट्रॅक्टर, ना समोरून येणारे कोणाचे मूल. ज्यास घोडे उधळायचे असतील त्याने ते तेथे न्यावेत. रोजच्या रस्त्याची मोटार हा मात्र एक तह आहे, शक्ती, उष्णता, वजन, आवाज, खर्च आणि कायदा या सहा पक्षांनी सही केलेला. त्यांतील एकाच पक्षास परस्पर वाढीव मुलूख बहाल केला तर उरलेले पाचही बंड करतात. सबब रावेतच्या, आणि रावेतसारख्या सर्व गावांच्या, तरुण अभियंत्यांस माझी शिफारस अशी की, मोटारीवर पैसे खर्चावयाचेच झाले तर प्रथम उत्तम टायर घ्यावेत, मग ब्रेक नीट करावेत, मग कूलंट व तेल वेळेवर बदलावे. आणि एवढे करूनही काही पैसे उरलेच, तर ते उरू द्यावेत.