संदर्भमामा ऑनलाइन येतात

विद्यापीठ कुठलंही असो, ग्रंथालयाच्या संदर्भ विभागात एक मामा असतातच. कागदोपत्री ते सहायक ग्रंथपाल. चष्मा कपाळावर, खिशाला लाल पेन, आणि पाठीशी ‘बाहेर नेण्यास मनाई’चा शिक्का बसलेले थोर लोक: केतकरांचा ज्ञानकोश, वाईचा विश्वकोश, महादेवशास्त्र्यांचा संस्कृतिकोश, दात्यांची ग्रंथसूची.

मामा विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर देत नाहीत. आधी विचारणाऱ्याची उलटतपासणी घेतात. “नाटकाची माहिती पाहिजे,” म्हणत एक मुलगी आली. कुठलं नाटक? संगीत की गद्य? कशासाठी? कधीपर्यंत? आधी काय वाचलंयस? शेवटी तिनं कबूल केलं, की किर्लोस्करांचं ‘शाकुंतल’ कुठल्या साली आलं, एवढंच तिला हवं होतं. “1880,” मामा म्हणाले, आणि तरीही खंड काढून खातरी करून घेतली. वाचक पहिल्यांदा विचारतो तो त्याचा खरा प्रश्न नसतोच, असं मामांचं मत. आणि ते खोटं नाही. डॉक्टरकडे आपणही “जरा अशक्तपणा वाटतो” इथूनच सुरुवात करतो.

अशा माणसाच्या टेबलावर एक दिवस ऑनलाइन संदर्भसेवा येऊन पडली. कारण उघड होतं: विद्यापीठाच्या मूल्यांकनाला नॅकची समिती यायची होती. मुहूर्त 12 ऑगस्टचा, म्हणजे ग्रंथालयशास्त्राच्या रंगनाथनांच्या जयंतीचा. फोटोला हार, नारळ, समई, सगळं यथासांग. मागच्या फलकावर रंगनाथनांचा चौथा नियम, ‘वाचकाचा वेळ वाचवा’, आणि त्याखाली प्रमुख पाहुण्यांची वाट पाहत ताटकळलेले वाचक. पाहुण्यांनी बटण दाबलं. पान उघडेना. शेवटी एका शिपायाच्या मोबाइलचं नेट घेऊन ‘ग्रंथपालाला विचारा’ सेवेचं लोकार्पण झालं.

लोकांनी विचारायला सुरुवात केली. वाय-फायचा पासवर्ड काय? दंड माफ होईल का? वाचनकक्षातला एसी चालू आहे का? मामांनी एकही प्रश्न हलका मानला नाही. एसीवाल्याला त्यांनी कळवलं: “सदर बाब संदर्भसेवेच्या कक्षेत येत नाही. तथापि, एसी बंद आहे.”

पण मामांची खरी तक्रार वेगळीच. “अहो, चेहरा दिसत नाही! समोरचा ‘हो हो’ म्हणतो तेव्हा त्याला कळलंय की तो कंटाळलाय, हे स्क्रीनवर कसं ओळखायचं?” त्यामुळे पाच उलटप्रश्न विचारायचे तिथे ते अकरा लिहू लागले. निम्मे वाचक तिसऱ्या प्रश्नालाच पसार होत.

एक मात्र टिकला. त्याचा निरोप होता: “1857 मोल्सवर्थ माहिती अर्जंट.” शेजारच्या संगणकवाल्या पोरानं उठावावरची पीडीएफ जोडायला घेतली, मोल्सवर्थ म्हणजे कुठल्या तरी पलटणीचा कप्तान असणार, हा त्याचा हिशेब. मामांनी त्याचा हात धरला. मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाची दुसरी आवृत्ती 1857ची. त्यांनी एवढंच विचारलं: “कुठला शब्द अडलाय?”

मिनिटभरात उत्तर आलं: “अलाहिदा. पेशवेकालीन पत्रात आहे.”

मामांनी अर्थ कळवला: वेगळा, निराळा. कोश इंटरनेटवर फुकट पाहता येतो, तो दुवाही दिला. खाली पुस्ती जोडली, की तरीही इथं येऊन छापील खंड पाहावा, म्हणजे आजूबाजूचे शब्द आपसूक नजरेखालून जातात. मुलगा आला. मामांनी त्याला संध्याकाळपर्यंत सोडला नाही.

आता या सेवेत प्रत्येक प्रश्नापुढे ‘बंद करा’ असा एक चौकोन असतो. उत्तर गेलं की त्यावर टिचकी मारायची. अहवालात आकडा वाढतो, समिती खूश. मामा टिचकी मारत नाहीत. “बंद कसा करू? अजून एखादा संदर्भ सापडेल की!” आणि सापडतोही. परीक्षा उरकून घरी गेलेल्या पोरांना मे महिन्यात आंबे खाताना मामांचे मेल येतात: ‘आपल्या प्रश्नासंदर्भात आणखी एक नोंद.’

मोल्सवर्थवाला मुलगा पुढे पीएच.डी. झाला, बाहेरगावी नोकरीला लागला. प्रबंध रीतसर शोधगंगेवर चढला. आठवड्याच्या आत त्याच जुन्या प्रश्नाखाली मामांचा निरोप: “प्रबंध वाचला. अभिनंदन. मोल्सवर्थच्या तळटीपेत 1831 छापलंय. ती पहिली आवृत्ती. आपण पाहिली ती दुसरी. कधी दुरुस्त करताय?”