कॅशबॅकराव, एकदा वार्षिक सभेला या

श्री. कॅशबॅकराव,
मु. पो. मोबाईल, वॉलेट गल्ली, यांस
कोल्हापूरहून सप्रेम नमस्कार, वि. वि.

आपली आमच्या घरी ये-जा सुरू होऊन बरीच वर्षे झाली, पण पावण्याला पाटावर बसवून तांबडा-पांढरा वाढायचा योग काही आला नाही. कारण येतो तो फक्त आपला निरोप. ‘अभिनंदन! १५० रुपये कॅशबॅक!’ असे म्हणत मोबाईल टणकन वाजतो. आपण स्वतः कुठे उतरता, कुणास ठाऊक.

गेल्या महिन्यात मिक्सर घेतला. ३,२०० रुपये रोख मोजल्यासारखे खात्यातून गेले आणि आपण आलात ते ‘नाणी’ होऊन. ही नाणी पुढच्या खरेदीलाच चालणार, तीही बिलाच्या दहा टक्क्यांपर्यंत, आणि तीस दिवसांत. मी हे आईला समजावून सांगितले. तिने क्षणभर हिशेब केला आणि म्हणाली, “म्हंजे दीडशं माघारी घ्यायला आनि दीड हजार घालायचं?”

रागावू नका. आमच्या गावात पैसा माघारी येण्याच्या वाटा पुष्कळ आहेत, आणि प्रत्येक वाटेला नाव आहे. आपले नाव त्यात कुठे बसवायचे एवढाच पेच आहे.

दिवाळी जवळ आली की या जिल्ह्यात एकच शब्द ऐकू येतो : फरक. वर्षभर डेअरीला जेवढे लिटर दूध घातले, त्यावरचा दरफरक गोकुळ दूध संघ सणाच्या तोंडावर खात्यावर जमा करतो. १९६३ सालचा हा संघ. गावागावांत फराळाचे आणि कापडांचे बेत त्या फरकावर ठरतात. ‘फरक किती बसला?’ हा प्रश्न इथे तब्येतीच्या चौकशीइतका सहज विचारतात. उसाचेही तसेच. आधी पहिली उचल, मग पुढचे हप्ते. आणि ते किती हवेत हे जयसिंगपूरच्या ऊस परिषदेत भोंग्यावरून सांगितले जाते. अर्थात फरक मिळतो तो माल घालणाऱ्याला. माल नेणाऱ्यासाठी सहकाराकडे दुसरा शब्द आहे : रिबेट.

या रिबेटचे घराणे जुने. १८४४ साली इंग्लंडातल्या रॉशडेल गावी २८ जणांनी मिळून किराणा दुकान काढले, त्यात विणकर बरेच. पीठ, साखर, लोणी असला माल. नफा उरला की ज्याने जितकी खरेदी केली त्या प्रमाणात तो परत. पुढे जगभरच्या ग्राहक भांडारांनी हीच रीत उचलली. आपल्या सहकार कायद्याने शेअरवरच्या लाभांशाला १५ टक्क्यांचे कुंपण घातले आहे. रिबेट मात्र शेअर बघत नाही, डबा बघतो. ज्याच्या घरी तेल जास्त लागते, त्याला जास्त.

आणि हा पैसा आला कुठून, तर ताळेबंदातून. ताळेबंद येतो वार्षिक सभेत. कॅशबॅकराव, कोल्हापूरची वार्षिक सभा आपण पाहिली आहे का? विषयपत्रिका वाचून होण्याआधी निम्मा मंडप ‘मंजूर, मंजूर’ ओरडतो, उरलेला निम्मा ‘नामंजूर, नामंजूर’. खुर्च्यांचेही काही खरे नसते. पण ओरडायला जागा असते हो. आपली सभा कुठल्या मंडपात भरते? आपण ‘नियम व अटी लागू’ म्हणता, तेव्हा नामंजूर म्हणायला मी कुठे उभा राहू?

आमच्या सराफांच्या गुजरीत जाऊन पाहा. जुन्या पाटल्यांची मोड घालायला गेले की सराफ आधी घट धरतो, मग नव्याची मजुरी लावतो आणि शेवटी त्याच मजुरीवर सूट देऊन आपल्यावर उपकार करतो. गिऱ्हाइकाला सगळे कळते. तरी घट ती घटच, सराफ तिला बक्षीस म्हणत नाही.

सूट आणि आपण भाऊभाऊ, असे आपण सांगत फिरता असे कानावर आले. जीएसटीवाल्यांना विचारा. हजाराच्या मालावर बिलातच शंभर सोडले तर कर नऊशेवर बसतो. तेच शंभर ॲपने नंतर आपल्या नावाने दिले, तर कर हजारावरच. १८ टक्क्यांच्या मालाला हा १८ रुपयांचा भाऊबंदकीचा वाद आहे.

आता बिचाऱ्या परताव्याची गोष्ट. त्याला एकट्याला तीन नोकऱ्या. जास्त कापलेला कर माघारी आला की परतावा. म्युच्युअल फंडाने कमावले (किंवा घालवले) तरी परतावा. आणि जुलै आला की पेपरात मथळा : ‘आयकर परतावा भरण्याची मुदत’. अहो, ते विवरणपत्र! ते भरायचे, मग कदाचित परतावा यायचा. माझ्या शेजाऱ्यांनी तो मथळा वाचून विचारले होते, “परतावा आपुन भरायचा, तर सरकार काय करनार?”

खरा परतावा दुकानात मागून पाहावा. ‘एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ ही पाटी गल्ल्यामागे लक्ष्मीच्या फोटोशेजारीच असते. २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा म्हणतो, माल सदोष असेल तर तो परत घेऊन पैसे द्यावेत. बिलावर मुदत नसेल तर तीस दिवसांत. तसे न करणे ही अनुचित व्यापारी प्रथा. तीस दिवस त्यांनाही आणि तीस दिवस आपल्यालाही, पण गंमत बघा : तिथे मुदतीत पैसे द्यायचे आहेत, इथे मुदत संपली की पैसे मरतात.

तेव्हा विनंती एवढीच, की आपण नावातली ‘कॅश’ तरी उतरवून ठेवावी. विलायतेत आपल्याच नावाचा एक गृहस्थ आहे. दुकानात कार्ड घासले की गल्ल्यातून खऱ्या नोटा काढून हातावर ठेवतो. तो निदान नावाला जागतो.

कळावे, लोभ असावा ही विनंती.
आपला,
नाण्यांचा धनी

ता. क. : पत्र टाकायला निघालो तेव्हा कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात दोन रुपयांची मोड नव्हती म्हणून दुकानदाराने दोन गोळ्या हातावर ठेवल्या. ‘हे कसलं माघारी देणं’ म्हणून आधी तोंड वाकडे केले. मग वेष्टन वाचले. मुदत नऊ महिने.