टर्मिनलकाका

पेण-रोहा पट्ट्यात टर्मिनलकाका शोधावा लागत नाही, तोच आपल्याला शोधत येतो. धाटावच्या एमआयडीसीत कुठल्याशा रसायन कारखान्यातून इन्स्ट्रुमेंटवाला म्हणून निवृत्त झालेला, लॅपटॉपच्या झाकणावर लिनक्सचा पेंग्विन चिकटवलेला. १४ ऑक्टोबर २०२५ला विंडोज १०चा सपोर्ट संपला, तेव्हापासून तर काकांना उसंत नाही. कुणाकडे चहाला गेले तरी आधी सीपीयूचं झाकण काढतात, मग बशी उचलतात.

"मशीन ठणठणीत आहे हो तुमचं. विंडोज काढा, उबुंटू टाकू." पैसे घेत नाहीत. पेणच्या पोह्याच्या पापडांना मात्र नाही म्हणत नाहीत.

चार दिवस बरे जातात. मग पेणच्या एखाद्या मूर्तिकाराला बँकेच्या कर्जासाठी कागद स्कॅन करायचे असतात. मूर्तींच्या कारखान्यातल्या वायफाय स्कॅनरवर मुलीच्या मोबाइलवरून सगळं होतं, फक्त घरातल्या संगणकाला तो स्कॅनर दिसत नाही. फोन जातो. काका रोह्याहून दिव्याची गाडी धरून हजर.

गणपतींच्या डोळ्यांची आखणी चाललेली असते. काका स्कॅनरच्या काचेवरची पांढरी धूळ पंच्याने टिपतात, चष्मा कपाळावर सरकवतात आणि टर्मिनलची काळी खिडकी उघडून मोठ्याने म्हणत टाइप करतात, "स्कॅनइमेज, स्पेस, डॅश, कॅपिटल एल!" एकही स्कॅनर सापडत नाही. काकांचा चेहरा उजळतो.

मग नेटवर्कवरचे स्कॅनर चालवणारं सेन-एअरस्कॅन आहे का ते बघणं, ते स्कॅनर शोधणारी अवाही सेवा बंद करून पुन्हा चालू करणं, आणि मध्येच प्रवचन: "शेठ, एमआयटीतल्या प्रिंटरचा सोर्स कोड स्टॉलमनला मिळाला नाही, त्या रागातून मुक्त सॉफ्टवेअरची ही सगळी चळवळ उभी राहिली!"

"काका, मोबाइलने फोटो काढून पाठवू का? बँक पाचला बंद होते."

"प्रश्न कागदाचा नाही शेठ, तत्त्वाचा आहे."

कागद मुलगी कधीच पाठवून मोकळी झालेली असते. हे काकांना सांगायची कुणाची छाती होत नाही.

दिवेलागणीला उलगडा होतो. कारखान्यात रेंज मिळत नाही म्हणून कुणीतरी दुसरा राउटर लावलेला असतो. स्कॅनर त्याच्यावर, घरातला संगणक पहिल्यावर. स्कॅनर 'मी इथे आहे' अशी हाक आपल्याच नेटवर्कात घालतो. ती राउटर ओलांडून पलीकडे जात नाही.

"कोणी लावला हा शहाणपणा?"

"तुम्हीच, काका. गौरी-गणपतीच्या आधी."

काका तत्परतेने कामाला लागतात. दुसरा राउटर अ‍ॅक्सेस पॉइंट मोडवर टाकला, की दोन्हीकडचं नेटवर्क एक होतं आणि यादीत स्कॅनरचं नाव झळकतं. टाळ्या होतात, पापड बांधून मिळतात, पण परतीच्या गाडीत काका उदास.

खरं संकट पुढे रोह्यातच उभं असतं. २०२१च्या डेबियन ११ या लिनक्समध्ये सेन-एअरस्कॅन आल्यापासून नवे स्कॅनर बहुधा ड्रायव्हर न घालताच चालतात. शेजारच्या वहिनींनी नवा स्कॅनर घेतला, काकांना कौतुकाने बोलावलं, बटण दाबलं आणि पहिल्याच दमात आधार कार्ड पडद्यावर! काकांनी दोनदा केबल तपासली, केबलच नव्हती. मग नाकाला पडदा लावून बारकाईने बघितलं.

"वहिनी, रंग जरा पिवळट येतोय, नाही?"

"नाही हो."

"येतोय," म्हणत काकांनी काळी खिडकी उघडली आणि चहा टाकायला सांगितलं.