कुंपणावरची उलटतपासणी

"त्या अर्जुन सुभेदारच्या जागी आमचे निकमसाहेब असते ना, तर मधुभाऊंना एवढं झिजावं लागलं नसतं. दोन तारखांत सुटले असते!"

कुंपणावरच्या वेलाची तोंडली तोडता तोडता वहिनींनी निकाल देऊन टाकला. वहिनी जळगावच्या. शीळफाट्याला येऊन त्यांना जमाना झाला, दोन्ही मुलं इथेच शिकून नोकरीला लागली, पण उज्ज्वल निकमांचं नाव निघालं की 'आमचे' लागल्याशिवाय राहत नाही.

"सुटले नसते, वहिनी. फासावर गेले असते," पलीकडच्या ओट्यावरून अण्णा म्हणाले. "निकम सरकारी वकील. ते मधुभाऊंच्या शेजारी नाही, समोर उभे राहिले असते."

वहिनींचा हात वेलावरच थांबला. 'ठरलं तर मग' ही मालिका सुरू झाल्यापासून त्यांनी एक भाग चुकवलेला नाही, आणि निकमांची एक मुलाखत चुकवलेली नाही. पण निकम आणि मधुभाऊंचा वकील अर्जुन एकाच खटल्यात आले तर एकमेकांच्या विरोधात असतील, हे त्यांच्या मनात कधी आलं नव्हतं. खरं सांगायचं तर माझ्याही नाही.

अण्णांची सगळी नोकरी ठाण्याच्या कोर्टात गेली. न्यायाधीशांच्या खालच्या टेबलाशी बसायचं, फायली लावायच्या, साक्षीदारांना शपथ द्यायची. आमच्या भागात कोर्टाची पायरी न चढलेलं घर विरळाच. पण ती पायरी दिवाणीची. सातबारा, वारसनोंद, हायवेला गेलेल्या जमिनीचा मोबदला. भावाभावांच्या दाव्यांत इथल्या दोन पिढ्यांनी वकिलांची घरं बांधून दिली. फौजदारी मात्र आम्ही टीव्हीवरच बघतो, त्यामुळे त्या विषयात अण्णांचा शब्द शेवटचा. वहिनी तो मानत नाहीत, ती गोष्ट वेगळी.

"समोर तर समोर," वहिनी सावरल्या. "पण दरारा बघा ना. त्र्याण्णवचे बॉम्बस्फोट, गुलशन कुमार, प्रमोद महाजन, कसाब, कोपर्डी. कोर्टाच्या पायऱ्यांवर माइक घेऊन सगळे उभे, आणि हे मधोमध. पद्मश्री उगीच दिली का 2016 ला? 2025 ला राज्यसभासुद्धा..."

"त्याच्याआधी लोकसभेला पडले, ते सांगा."

"ते राजकारण झालं हो अण्णा. वकिलीचं बोला."

"वकिलीचं बोलतो. कसाबने बिर्याणी मागितली होती ना?"

"मागितली होतीच. मटणाची. माझा तर असा संताप झाला होता!"

"नव्हती मागितली. 2015 ला जयपूरला निकमांनी स्वतःच सांगितलं. राखीपौर्णिमेच्या दिवशी कसाबच्या डोळ्यांत पाणी आलं, अशा बातम्या चालल्या. लोकांना त्याची कणव यायला लागली. ती लाट मोडायला ह्यांनी बिर्याणी सोडून दिली."

वहिनींनी माझ्याकडे बघितलं. मी मान डोलावली, कारण तेव्हा पेपरात मीही वाचलं होतं. क्षणभर वाटलं, आता दैवत गडगडणार. पण वहिनी म्हणाल्या, "बघा! डोकं बघा माणसाचं!" भक्ती अशी असावी. मला स्वतःला ती बिर्याणी पचलेली नाही. इतके साक्षीदार, सीसीटीव्ही, सीएसएमटीवरचे ते फोटो, एवढा पुरावा हाताशी असताना वर फोडणी कशाला लागते? पण मी गप्प बसले, कारण तोंडल्यांतली निम्मी मला मिळणार होती.

"मला एक सांगा," अण्णा ओट्यावरून उठून कुंपणाशी आले, म्हणजे आता मुद्दा येणार. "टीव्हीवर तुम्ही कोणाच्या बाजूने असता? अर्जुन, 'अदालत'मधला के. डी. पाठक, 'क्रिमिनल जस्टिस'मधला माधव मिश्रा. हे तिघेही आरोपीचे वकील. सरकारी वकील आला की तुम्ही शिव्या घालता. आणि बातम्यांत? आरोपीचा वकील दिसला की शिव्या घालता. असं का?"

"कारण मधुभाऊ निर्दोष आहेत," वहिनी फाडकन म्हणाल्या.

"तुम्हाला कसं कळलं?"

"कसं म्हणजे? बघितलं आम्ही. विलासचा खून कोणी केला ते पहिल्यापासून माहितीये."

"हेच! टीव्हीवर खून तुमच्या डोळ्यांदेखत होतो. कोर्टात बसलेल्या एकानेही तो बघितलेला नसतो. न्यायाधीशाने नाही, वकिलाने नाही. जे काही आहे ते पंचनाम्यात आणि साक्षीदाराच्या तोंडात. तो पाठक म्हणे निर्दोष असेल त्याचीच केस घ्यायचा. त्याला आधीच कसं कळायचं बाबा? लेखक सांगून ठेवायचा."

वहिनींना हे लागलं. पाठक म्हणजे रोनित रॉय, 2010 पासून पाच वर्षं त्यांच्या हॉलमध्ये येऊन गेलेला माणूस. "पण शेवटच्या क्षणाला साक्षीदाराला घेऊन धावत यायचा, ते किती छान वाटायचं," त्या म्हणाल्या.

"शीळफाट्यावरून येऊन दाखवा म्हणावं. मुंब्रा बायपासला ट्रेलर आडवा, साक्षीदार गाडीत आणि कोर्टात पुढची तारीख पडलेली."

इथे अण्णांनी अर्धा तास घेतला. खऱ्या कोर्टात हातोडा नसतो. आरडाओरडाही फारसा चालत नाही, कारण साक्षीदार बोलतो, मग न्यायाधीश ते आपल्या शब्दांत सांगतात आणि टायपिस्ट टाइप करतो, त्या गतीनेच सगळं चालतं. वकील संतापला तरी टायपिस्टची ओळ संपेपर्यंत त्याला थांबावं लागतं. पोलिसांसमोर दिलेला जबाब पुरावा धरत नाहीत, साक्षीदाराला कोर्टात येऊन पुन्हा सगळं सांगावं लागतं. आणि तोवर इतकी वर्षं गेलेली असतात, की एकतर तो विसरलेला असतो नाहीतर फितूर झालेला. आणि मुख्य म्हणजे, खरा खुनी शोधून देणं हे बचावाच्या वकिलाचं कामच नाही. सरकारने जे मांडलंय त्याला भोक आहे, एवढं दाखवलं की त्याचं काम झालं.

"भोक म्हणजे काय ते ऐका," अण्णांनी आवाज खाली आणला. "तुमच्या निकमसाहेबांच्याच खटल्यातलं. कसाबबरोबर आणखी दोन आरोपी होते, फहीम अन्सारी आणि सबाउद्दीन अहमद. त्यांनी मुंबईचे नकाशे काढून दिले, असा आरोप. त्यातला एक नकाशा, चौपाटीला मेलेला कसाबचा जोडीदार अबू इस्माईल, त्याच्या खिशात सापडला म्हणे. इस्माईल रक्ताने माखलेला आणि त्याच्या खिशातला कागद स्वच्छ! एक डाग नाही. न्यायाधीश ताहलियानींनी 3 मे 2010 ला कसाबला दोषी धरलं आणि त्याच निकालात या दोघांना सोडून दिलं. पुढे हायकोर्टाने, मग 2012 ला सुप्रीम कोर्टानेही तेच कायम ठेवलं."

"अगंबाई. हे दोघे सुटले होते?"

"फहीमचा वकील कोण, माहितीये? शाहिद आझमी. कुर्ल्याचा. पोरगेला असताना टाडात आत गेला, तिहारमध्ये राहिला, बाहेर येऊन वकील झाला. निकालाच्या तीन महिने आधी, 11 फेब्रुवारी 2010 ला, कुर्ल्यात त्याच्या ऑफिसात शिरून त्याला गोळ्या घातल्या. बत्तीस वर्षांचा होता. अशील सुटला तो निकाल ऐकायला वकील राहिला नव्हता."

मला तो पिक्चर आठवला. हंसल मेहताचा 'शाहिद', 2013 चा, राजकुमार रावला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला तो. त्यातली कोर्टं अगदी अण्णा सांगतात तशी, दाटीवाटीची, पंख्याखालची. पण वहिनींना मी सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, "असला पिक्चर जेवताना बघवत नाही गं." यात त्या खोटं बोलत नव्हत्या. माधव मिश्राला बघायला आवडतं कारण तो फीसाठी घासाघीस करतो, टोमणे मारतो, आणि पंकज त्रिपाठी आपला घरचाच वाटतो. शाहिद आझमीचं कौतुक करायचं, तर आधी त्याच्या अशिलावर संशय घेणं सोडावं लागतं. जेवणाच्या ताटावर बसून ते जमत नाही.

आणि नुसता अशील तरी कुठे? 2009 ला कसाबसाठी पहिल्यांदा ज्या वकीलबाईंची नेमणूक झाली, त्या अंजली वाघमारेंच्या घरावर दगड पडले. त्या काही स्वतः होऊन केस मागायला गेल्या नव्हत्या, कोर्टाने नेमलं होतं. पुढे अब्बास काझमी आले, ते गेल्यावर के. पी. पवार. ताहलियानींच्या कोर्टात निकालापर्यंत कसाबची बाजू लढवली ती या पवारांनी. वहिनींना हे नाव ऐकूनही आठवेना. मलाही अण्णांनी सांगितलं तेव्हाच कळलं.

"बाईमाणूस म्हणशील तर," वहिनी माझ्याकडे वळल्या, "मला ती आवडली होती. तू तुझ्या मोबाइलवर दाखवलेली. सरकारी वकील, लोकलने जाते ती."

चैतन्य ताम्हाणेच्या 'कोर्ट'मधली. गीतांजली कुलकर्णीने केलेली. दिवसभर कोर्टात शाहिराविरुद्ध कलमं वाचून दाखवायची, आणि संध्याकाळी लेडीज डब्यात ऑलिव्ह ऑइलच्या गप्पा, घरी येऊन स्वयंपाक. ती कोणाची वैरी नाही. हातातली फाइल संपवून तिला घर गाठायचंय, बस. वहिनींना ती आवडली याचं मला नवल वाटलं होतं. कारण त्या पिक्चरमध्ये ती ज्याला आत टाकायला निघालेली असते, त्याच्यावरचा आरोप हास्यास्पद आहे. पण वहिनी म्हणतात, "नोकरी करते बिचारी."

"ठाण्याच्या कोर्टाने मोठे वकील बघितलेत," अण्णा आता आपल्या गावावर आले. "आंबेडकर."

"बाबासाहेब? ठाण्याला?"

"धनंजय कीरांच्या चरित्रात आहे. 1928. तिकडे पुण्याला सायमन कमिशनपुढे साक्ष द्यायची, आणि इकडे ठाण्याच्या सेशन्स कोर्टात त्यांचा फौजदारी खटला. आरोपींचे जीव टांगणीला. सोडून जावं कसं? तेव्हा त्यांनी न्यायाधीशांना विनंती केली, सरकारी वकिलाच्या आधी मला बचावाचं भाषण करू द्या. समोरचा काय बोलणार हे माहीत नसताना उत्तर देऊन मोकळे झाले आणि पुण्याला गेले. बहुतेक आरोपी सुटले."

हे सांगताना अण्णांचा चेहरा असा झाला, की जणू त्या दिवशी शपथ द्यायला तेच होते. या गोष्टीवर मालिका का निघत नाही, असं मी म्हटलं. वहिनी म्हणाल्या, "खून कोणाचा झाला होता ते नाही ना सांगितलं अण्णांनी." मालिकेचं मर्म त्यांना आमच्यापेक्षा जास्त कळतं.

मग मी विचारलं, "आपल्या लकी कंपाउंडच्या केसला कोण वकील होते हो?"

4 एप्रिल 2013. इथून चालत जाण्याच्या अंतरावर बांधकाम सुरू असलेली इमारत पडली आणि 74 माणसं गेली. त्या रात्री रस्त्यावर फक्त सायरन. बिल्डर, अधिकारी, सगळ्यांची नावं पेपरात आली होती. वहिनींना त्यातलं काही आठवत होतं. पण सरकारकडून कोण उभं राहिलं, आरोपींकडून कोण, यातलं एकही नाव आम्हा दोघींना सांगता येईना. माधव मिश्राच्या बायकोचं नाव विचारलं असतं तर दोघींनी एका सुरात सांगितलं असतं.

अण्णाही काही बोलले नाहीत. थोड्या वेळाने वहिनींनीच विषय बदलला. "बरं, उद्या आपल्यावरच बालंट आलं तर कोणाला बोलवायचं? निकमसाहेब तर तिकडून."

"आधी बघा गुन्हा कुठल्या हद्दीत घडला. इकडे असेल तर शीळ-डायघर पोलीस आणि ठाण्याचं कोर्ट. पलावाकडे सरकला, तर मानपाडा आणि कल्याण."

"हद्द बघून करेन हो. पण वकिलाला पैसे कुठून आणायचे?"

"बाईला वकील फुकट मिळतो. विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करायचा. बाईचं उत्पन्न किती ते विचारत नाहीत. 1987 च्या कायद्यातच आहे."

"आणि पुरुषाला?"

"त्याचं सहसा उत्पन्न बघतात. पण तो कोठडीत असला, तर त्यालाही तसाच मिळतो."

वहिनींनी तोंडल्यांचे दोन वाटे केले, माझा कुंपणावरून माझ्या हातात दिला, आणि घराकडे तोंड करून, यजमानांना ऐकू जाईल अशा बेताने म्हणाल्या, "म्हणजे मी ह्यांचा खून केला तर वकील आधीपासून फुकट, आणि ह्यांनी माझा केला तर ह्यांना आधी आत जाऊन बसावं लागणार. कायदा चांगलाय हो अण्णा."