फणस, खोबरेल आणि तीन अंश

वेळणेश्वरला पूल खेळायला कोणी जात नाही. लोक जातात देवाला, नाहीतर समुद्राला, आणि आमच्यासारखे हिशेबी कोकणस्थ दोन्ही एकाच रजेत उरकायला. इथला महादेव अनेक घराण्यांचं कुलदैवत. त्यामुळे अभिषेकासाठी आडनाव-गोत्र सांगू लागलं, की मागे उभा असलेला अनोळखी गृहस्थ आत्याच्या सासरकडून आपल्याशी नातं काढतो. देवळाच्या आसपास माड, माडांपुढे पुळण, पुळणीपुढे समुद्र. यात पूलचं टेबल बसतं कुठे? आप्पांच्या पडवीत.

आप्पा म्हणजे आम्ही उतरलो त्या घराचे यजमान. निम्मं तारुण्य लालबागच्या गिरणीत आणि निम्मं चाळीतल्या कॅरमबोर्डावर गेलेलं. १९८२ च्या संपात गिरणी सुटली तशी गावी परतले. मुंबईतल्या मुलाने कुठल्याशा बंद पडलेल्या क्लबातलं टेबल स्वस्तात उचललं आणि 'पाहुण्यांना करमणूक' म्हणून टेम्पोत घालून पाठवून दिलं. ते आता पडवीत, एका पायाखाली नारळाची करवंटी घेऊन उभं आहे. ही करवंटी आप्पांनी स्वतः घासून बेतलेली. तिला हात लावलेला त्यांना खपत नाही. बॉल असतात आमसुलांच्या बरणीशेजारच्या टोपलीत.

आमचा भाचा पुण्यात संगणकावर काम करतो आणि कुठलीही गोष्ट आधी शिकून मग करतो. पूलही तो तसाच शिकला होता. त्याचं शास्त्र असं : भोक आणि बॉल यांच्यामधून एक रेघ मनातल्या मनात ओढायची. ती बॉलच्या पाठीमागे वाढवायची. तिथे बॉलला चिकटून एक अदृश्य बॉल उभा आहे असं समजायचं आणि पांढरा बॉल नेमका त्या भुताच्या जागी पोचवायचा. की झालं! रंगीत बॉल रेघेवरून निमूट भोकात. भूमितीत याला तोड नाही.

पडवीत मात्र ती रेघ चालेना. बॉल भोकापर्यंत जाई, काठाला धडकून बाहेर येई आणि भाचा करवंटीकडे बघे.

"जाड लागतोय रे," आप्पा म्हणत. "पातळ काप."

"आप्पा, कोन बरोबर आहे."

"कोन असेल. बॉल कुठाय?"

आप्पांना भूत-बीत दिसत नसे. क्यू धरायचे तो विहिरीत गळ सोडल्यासारखा. पण भाच्याच्या अदृश्य बॉलपेक्षा केसभर पलीकडे मारत, आणि बॉल जात. पैज ठरली होती : हरेल त्याने संध्याकाळचा नारळ खवायचा. काकूंच्या स्वयंपाकात नारळाशिवाय फक्त चहा होतो, त्यामुळे शिक्षा बारमाही. भाचा रोज विळीवर बसू लागला. आप्पांना मात्र काकूंनी लग्नानंतर विळीच्या आसपासही पाहिलेलं नव्हतं. हे त्यांनी आम्हांला, आप्पांना ऐकू जाईल अशा बेताने, अनेकवार सांगितलं.

खुलासा केला तो मेकॅनिकलच्या मुलाने. गावात महर्षी परशुराम अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. तिथला हा विद्यार्थी परीक्षा संपल्यावरही घरी न जाता आप्पांच्या पडवीत पडीक असे. काकू मागल्या दारी फणस फोडत बसल्या होत्या आणि तो त्यातले गरे खात खात बोलत होता.

"दादा, तुमची भूमिती घर्षण धरत नाही. पांढरा बॉल तिरका लागतो, तेव्हा तो नुसता ढकलत नाही, घासूनही जातो. गुहागरच्या एसटीत पाठीवर पिशवी घेतलेला माणूस आपल्या अंगाला घासून पुढे सरकला, की आपणही त्याच्या दिशेने अर्धं पाऊल ओढले जातो ना? तसंच. रंगीत बॉल तुमच्या रेघेवरून थोडा पांढऱ्याच्या वाटेकडे ओढला जातो. यालाच थ्रो म्हणतात."

"कितीसा ओढला जाईल?"

"तीन अंश धरा. मीटरभर अंतरावर सव्वापाच सेंटिमीटर झाले. बॉलच मुळात पावणेसहाचा."

भाचा गप्प झाला. बॉलच्या रुंदीएवढी चूक करवंटीच्या माथी मारणं अवघडच होतं.

मग मुलाने जे सांगितलं ते मला आजवर कुणी सांगितलं नव्हतं. हळू मारलेल्या बॉलला थ्रो जास्त लागतो, जोरात मारलेल्याला कमी, कारण घसरण्याचा वेग वाढला की या बॉलांमधली पकड सैल होते. पांढऱ्याने रंगीत बॉल अर्धा झाकला जाईल असा तीसेक अंशांचा काप हळू मारला, तर चूक चार-पाच अंशांवरही जाते. म्हणजे आपण जपून, नाजूकपणे, देवाचं नाव घेऊन मारतो, तोच मार सर्वांत बिघडतो. आणि यावर इलाजही आहे. बॉल डावीकडे कापायचा असेल, तर क्यू पांढऱ्याच्या मध्यापासून जरासा उजवीकडे टेकवायचा. मग पांढरा फिरत फिरत येतो आणि घासण्याऐवजी दातेरी चाकासारखा रंगीत बॉलवरून गुंडाळत निघून जातो. ओढ जवळजवळ शून्य. हीच फिरकी उलट्या बाजूची पडली तर ओढ उलट वाढूही शकते. एवढं सगळं आप्पांना ठाऊक होतं का? मुळीच नाही. त्यांना एवढंच ठाऊक होतं, की कॅरमबोर्डावरची पावडर संपत आली की सोंगटी 'अंगावर येते', आणि मग जरा पातळ मारायची असते. परळ-लालबागच्या गॅलऱ्यांत हे ज्ञान रात्री दोन-दोनपर्यंत, शेजाऱ्यांच्या शिव्या खात मिळवलेलं.

मुलाने आणखी एक नाव काढलं : कोरिओलिस. या फ्रेंच गृहस्थाने १८३५ साली बिलियर्डच्या चेंडूंच्या चालींवर गणिताचं अख्खं पुस्तक लिहिलं. त्याच सुमारास त्याने फिरत्या वस्तूंवरच्या गतीचाही अभ्यास केला. विषुववृत्त ओलांडून येणारे वारे ज्या परिणामामुळे उजवीकडे वळून नैर्ऋत्येकडून कोकणावर येतात, तो आज त्याच्याच नावाने ओळखला जातो.

"म्हणजे आमच्या पावसाचा हिशेब मांडणारा माणूस पूल खेळत होता?" आप्पांनी विचारलं. "तरीच पाऊस वेळेवर येत नाही."

भाच्याचं समाधान वेगळ्याच जागी अडलं होतं. "पण मग पुण्याच्या पार्लरमध्ये माझे बॉल जातात कसे?"

"तिथले बॉल धुतलेले-पुसलेले असतात. हे बघा." मुलाने टोपलीतला पिवळा बॉल उचलला आणि तळहात उलटा केला. बॉल क्षणभर तिथेच लटकून राहिला, मग नाइलाजाने खाली आला. मे महिना, घरात फणस, आणि गरे खाऊन तशाच हातांनी खेळणारे आम्ही. निळ्या खडूची भुकटी त्या चिकाला धरून बसली होती. खडूचा डाग नेमका टकरीच्या जागी आला, तर स्वच्छ बॉलसुद्धा भलतीकडे जातो. इथे तर सगळ्या बॉलला नवी सालच फुटली होती. "घर्षण काढून टाका, बॉल दादांच्या रेघेवरून जातील," मुलगा म्हणाला आणि शेवटचा गरा तोंडात टाकून निघून गेला. काकू फणसच फोडत होत्या. विळी, तेलाची वाटी, चिंधी. कोकणात चीक काढायचा म्हणजे खोबरेल. साबणाला तो दाद देत नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी भाच्याने पहिला काप मारला. अदृश्य बॉल, रेघ, भूमिती. बॉल भोकाच्या मधोमध गेला. त्याने दुसरा मारला, तोही गेला. आप्पा हसले, म्हणाले, लागतो कधीकधी. मग त्यांनी स्वतःचा मार घेतला, नेहमीप्रमाणे केसभर पातळ. बॉल भोकाच्या पलीकडच्या काठावर आदळून परत आला. आप्पांनी क्यूच्या टोकाला खडू लावला. पुन्हा पातळ, पुन्हा पलीकडे. आयुष्यभर ज्या ओढीची भरपाई करायला हात शिकला, ती ओढच कोणीतरी काढून नेली होती. आता हात आपल्या सवयीने भरपाई करतच होता. त्यांनी खाली वाकून करवंटी तपासली. करवंटी जागच्या जागी होती.

"आप्पा, जरा जाड मारा," भाचा अत्यंत आदराने म्हणाला.

जाड मारणं आप्पांना जमेना. डोळ्यांना कळत होतं, मनगट ऐकत नव्हतं. आठ नंबरचा बॉल भाच्याने हळू, अगदी नाजूक मारला. आदल्या दिवशीच्या शास्त्राप्रमाणे तो हमखास चुकायला हवा होता. तो गेला. मी बॉल बाहेर काढायला हात घातला आणि तो माझ्या बोटांतून निसटून पायावर पडला. एकशे सत्तर ग्रॅमचा ऐवज तो, लागतो. उचलून पाहिला तर लखलखत होता, आणि वास येत होता न्हाणीघरातल्या बाटलीचा. हिरव्या कापडावर जागोजागी गोल तेलकट ठिपके उमटले होते. क्लबातल्या मॅनेजरने हे पाहिलं असतं, तर त्याला तिथेच झोपवून वारा घालावा लागला असता. बॉल कोमट पाण्याने आणि सौम्य साबणाने धुवायचे असतात.

"ही गेम धरायची नाही," आप्पा म्हणाले. "बॉलला तेल आहे."

"मग काल चीक होता तो धरला?" भाचा म्हणाला.

या प्रश्नावर पडवीत बराच खल झाला. आप्पांचं म्हणणं, चीक नैसर्गिक आहे, तो मे महिन्यात असायचाच. तेल हा मानवी हस्तक्षेप. भाच्याचं म्हणणं, तेलसुद्धा त्याच आवारातल्या माडाचं आहे. मला पंच नेमलं होतं. पण दोघांपैकी एक माझा भाचा आणि दुसऱ्याच्या हाती माझं जेवण, त्यामुळे मी पाय चोळत बसलो.

निकाल आतून आला. काकूंनी विळी आणून पडवीच्या मधोमध ठेवली, बाजूला फोडलेला नारळ ठेवला आणि स्वतः चहाचा कप घेऊन झोपाळ्यावर बसल्या. आप्पांनी विळीकडे पाहिलं, काकूंकडे पाहिलं.

"तू पुसलेस बॉल?"

"चीक लागला होता."

"पण सगळे? पंधराच्या पंधरा?"

"सोळा," काकू म्हणाल्या. "पांढरा पण. तो पोरगा काल काय बोलत होता, मी ऐकत नव्हते होय? बारीक खवा. करवंटीपर्यंत जाऊ नका."