आठशेची पाठवणी

मारुती ८०० बनवणं कंपनीने २०१४ मध्ये थांबवलं. वालूरच्या आमच्या शेजारच्या काकांनी ती चालवणं परवा थांबवलं. एमएच २२ च्या नंबरप्लेटला काकूंनी हळदकुंकू लावलं, डॅशबोर्डवरचा गणपती काढून घेतला. भंगारवाल्याने तेवढ्यात टायर दाबून पाहिले आणि बॅटरीचा भाव पाडला.

आता नवी गाडी. चिरंजीवांना सनरूफ हवं. परभणी जिल्ह्यात मे महिन्यात पारा चाळिशी सहज ओलांडतो. छत उघडून हे नेमकं काय भाजणार? जावयांना सात सीटची हवी. घरात माणसं दोन, तीही सेलूच्या बाजाराला एसटीने जातात! बँकेने सात वर्षांचं कर्ज मंजूर केलंय. रंगावरून भांडण चालू आहे.